परदेशी पाहुणा आणि कोल्हापूरचा रस्ता: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न विचारतं कोण?

राजारामपुरीतल्या आमच्या घरी, वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत, गेली काही वर्षं परदेशी पाहुणे उतरतात. कुणी विद्यापीठात संशोधनासाठी आलेलं असतं, कुणी तालमी बघायला, कुणी कोल्हापुरी चपलेचं काम बघायला. शिवाय आता ओळखीतल्या कितीतरी घरांत जर्मन सून किंवा अमेरिकन जावई सुट्टीला येतो. तो यायच्या आठवडाभर आधी मला फोन येतो, "त्यांना रस्त्याचं काय सांगायचं?" तिखटाचं, देवळाचं, पाण्याचं कुणी विचारत नाही, ते ज्याचं त्याला जमतं. धास्ती रस्त्याची असते, आणि ती रास्त आहे. फोनवर पुन्हा पुन्हा जे सांगतो ते इथं लिहून ठेवलं आहे.

पाहुणा आल्याआल्या पहिली गोष्ट कोणती सांगायची?

आधी उजवीकडं बघायचं. बाकी सगळं चहा झाल्यावर सांगा, हे दारातच सांगा.

जर्मनी, फ्रान्स, अमेरिका, चीन इथं वाहनं रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालतात. तिथल्या माणसाला लहानपणापासून सवय असते की फुटपाथवरून खाली पाय टाकला की पहिली गाडी डावीकडून येते. मान आपोआप डावीकडं वळते. आपल्याकडं पहिली गाडी उजवीकडून येते. माणूस कितीही हुशार असो, दमलेला असला, बोलत असला, की जुनी सवय वर येते. लंडनमध्ये तर पाहुण्यांसाठी रस्त्यावरच मोठ्या अक्षरांत "उजवीकडे पाहा" असं रंगवलेलं असतं. इंग्लंड, जपान, ऑस्ट्रेलिया, थायलंडकडच्या पाहुण्यांना हा त्रास नाही, ते आपल्यासारखेच डावीकडून चालवतात.

हे मी शिकलो ते एका चुकीतून. पहिल्याच वर्षी फ्रान्सचे एक गृहस्थ आले होते. त्यांना आणायला मी मध्यवर्ती बसस्थानकावर गेलो. बाहेर पडल्यावर ते कडेला थबकले, तर मी म्हणालो, "काही होत नाही, चला." त्यांनी डावीकडं बघितलं, रस्ता मोकळा दिसला, पाय टाकला. उजवीकडून आलेल्या मोपेडचा आरसा त्यांच्या कोपरावर बसला. हाड मोडलं नाही, पण दोन दिवसांत कोपर काळंनिळं झालं, आणि पुढचे चार दिवस ते एकटे घराबाहेर पडले नाहीत. मोपेडवाला पोरगा बिचारा थांबला, पाणी घेऊन आला. चूक त्याची नव्हती आणि पाहुण्याचीही नव्हती. मी न बघता "चला" म्हणालो होतो. तेव्हापासून "काही होत नाही" हे वाक्य पाहुण्याच्या बाबतीत मी तोंडातून काढत नाही. तुम्हीही काढू नका.

आणखी एक. उजवीकडं बघून झालं की डावीकडंही बघायला लावा. एकेरी मार्ग असला तरी. राँग साइडनं येणारी गाडी पाहुण्याच्या हिशेबातच नसते.

रस्ता ओलांडायला शिकवायचं कसं?

तोंडी सांगून येत नाही. पहिले दोन दिवस बरोबर चाला. तुम्ही त्याच्या उजव्या हाताला राहा, म्हणजे येणाऱ्या गाडीच्या बाजूला. निम्म्या रस्त्यात गेलात की बाजू बदला.

एकदा जर्मनीहून आलेली एक संशोधक मुलगी आमच्याकडं तीन महिने होती. एका रविवारी संध्याकाळी ती मिरजकर तिकटीला अडकली. तिकटी म्हणजे तीन वाटा मिळतात ती जागा, आणि तिन्हीकडून गाड्यांची रीघ. ही कडेला उभी. मी पलीकडच्या बाजूनं येत होतो. मला ती दिसत होती, पण माझ्या हाका तिच्यापर्यंत पोचत नव्हत्या. तिच्या शेजारी गजरे विकून घरी निघालेल्या एक मावशी उभ्या होत्या. त्यांनी बुट्टी कमरेवर घेतली, तिचं मनगट धरलं आणि म्हणाल्या, "अशीच उभी ऱ्हायलीस तर हितंच रात हुईल की बाळ. चल." आणि चालायला लागल्या. ना घाई, ना थांबणं. मोकळा हात कमरेच्या खाली, तळवा गाड्यांकडं केलेला. मध्ये एक जीप आली तेव्हा मात्र मावशी जागच्या जागी थांबल्या, जीप जाऊ दिली, मग पुढची पावलं टाकली. पलीकडं आल्यावर मनगट सोडलं आणि मागं न बघता गेल्या.

त्या मुलीनं रात्री जेवताना मला जे सांगितलं ते मी आजवर सगळ्या पाहुण्यांना सांगतो. ती म्हणाली, "त्या बाई गाडीवाल्याच्या तोंडाकडं बघत नव्हत्या. पुढच्या चाकाकडं बघत होत्या." खरं आहे ते. चाक वळलं की गाडी वळते, तोंड कुठंही असो.

यातून घ्यायचं ते एवढंच. दुचाकीवाला तुमच्या चालीचा अंदाज घेऊन तुमच्या मागून किंवा पुढून गाडी काढतो. चाल एकसारखी असली तर त्याचा अंदाज बरोबर येतो. पळालं, मध्येच थबकलं किंवा मागं फिरलं, की तो चुकतो. परदेशी माणूस घाबरला की हटकून मागं फिरतो, म्हणून ही सूचना दोनदा द्या. पण हे दुचाकी आणि रिक्षापुरतं. एसटी, ट्रक, डंपर, उसाचा ट्रॅक्टर यांना अंदाज घेऊन वळता येत नाही, त्यांच्यासाठी थांबायचंच. आणि हात वर करून पोलिसासारखा धरायचा नाही. खाली, मावशींसारखा.

व्हिएतनाममध्ये राहून आलेल्या पाहुण्याला यातलं काही शिकवावं लागत नाही. हनोईत रस्ता असाच ओलांडतात, सावकाश आणि एका चालीनं.

झेब्रा क्रॉसिंगवर गाड्या थांबतात का?

कायद्यानं थांबल्या पाहिजेत. प्रत्यक्षात सिग्नल लाल असेल तर थांबतात, तेही पट्ट्यांच्या पुढं येऊन. पाहुण्याला हे स्पष्ट सांगा, कारण त्याच्या देशात पट्ट्यावर पाय ठेवला की गाडी थांबते आणि त्याच भरवशावर तो पाय टाकतो. इथं पट्टा म्हणजे ओलांडायला त्यातल्या त्यात बरी जागा, एवढंच धरायचं.

सगळे सारखा हॉर्न का मारतात? पाहुण्यांना वाटतं, लोक आपल्यावर चिडलेत.

हे जवळपास प्रत्येक पाहुणा विचारतो, आणि बायका जास्त विचारतात, कारण त्यांना तो आवाज अंगावर आल्यासारखा वाटतो. जर्मनीत गावातून चालवताना धोका दिसला तरच हॉर्न वाजवायचा, असा नियम आहे. नाहक वाजवला तर दंड. त्यामुळे तिथं हॉर्न वाजला म्हणजे कुणीतरी कुणाला तरी रागावलं. आपल्याकडचा बहुतेक हॉर्न हा निरोप असतो. एक छोटा "पीप" म्हणजे मी मागं आहे, आहेस तसा चाल. दोन छोटे म्हणजे मी पुढं जातोय. लांब दाबलेला म्हणजे बाजूला हो. सिग्नल हिरवा होताहोता मागून सगळे मिळून वाजवतात त्याला मात्र अर्थ नाही, ती नुसती घाई.

घाटात गोष्ट वेगळी. समोरचं दिसत नाही अशा वळणावर "हॉर्न वाजवा" अशी पाटीच असते, आणि तिथं तो वाजवलाच पाहिजे. पाहुण्यांना ट्रकच्या पाठीवरच्या "हॉर्न ओके प्लीज"चं फार कुतूहल असतं. महाराष्ट्रात २०१५ साली त्यावर बंदी आली, तरी जुन्या गाड्यांवर अजून दिसतं.

हे सगळं समजावून सांगा, पण कौतुक करून सांगू नका. दवाखाने, शाळा, न्यायालयं यांच्या भोवती १०० मीटर शांतता क्षेत्र असतं, तिथं हॉर्न वाजवायला मनाई आहे. सीपीआर या सरकारी दवाखान्याच्या चौकात उभं राहून बघा काय होतं ते. आत माणसं आजारी पडलेली असतात. एका पाहुण्यानं मला तिथंच विचारलं होतं, "आतल्या लोकांना हे ऐकू येत नाही का?" येतं, असं मी सांगितलं.

समोरून लाइट मारला तर त्याचा अर्थ काय?

हा प्रश्न लहान वाटतो, पण जिवावर बेतणारा आहे. युरोपात, विशेषतः इंग्लंडमध्ये, समोरच्यानं एकदा लाइट चमकवला तर बहुतेकदा अर्थ असा, "तुम्ही जा, मी थांबतो." आपल्याकडं डिप्पर मारला तर नेमका उलटा अर्थ: "मी येतोय, तू येऊ नको." पाहुणा पायी असो, सायकलवर असो, हे त्याच्याकडून वदवून घ्या. आमच्याकडच्या एका इंग्रज बाई डिप्पर बघून हसून हात हलवत रस्त्यात उतरल्या होत्या. सुदैवानं माझी बायको मागं होती, तिनं झोळी धरून मागं ओढलं.

चौकात आधी जायचा हक्क कुणाचा?

नियमाप्रमाणे, सिग्नल आणि पोलीस नसेल तर उजवीकडून येणाऱ्याला वाट द्यायची. व्यवहारात ज्याचं पुढचं चाक आधी आत गेलं त्याची वाट. बरेच जण चौकातून सरळ जाताना चारही इंडिकेटर लावतात. ते चूक आहे. ते दिवे गाडी बंद पडली किंवा थांबली आहे हे सांगायला असतात. पाहुणा म्हणून बुचकळ्यात पडतो: ही गाडी बंद आहे तर चालतेय कशी? त्याला सांगा, इंडिकेटरवर भरवसा ठेवू नको, चाक बघ.

रस्त्यावर म्हशी का असतात?

कारण त्यांचंही घर इथंच आहे. कोल्हापुरात गंगावेशीला दूध कट्टा आहे. तिथं म्हशी आणून गिऱ्हाइकासमोर धार काढतात, आणि माणसं उभ्याउभ्या फेसाळ दूध पिऊन घरी जातात. म्हशी तिथं चालत जातात आणि चालत येतात. पाहुण्याला एका संध्याकाळी मुद्दाम घेऊन जा. म्हैस रस्त्यात आली की हॉर्न मारून उपयोग नाही, तिच्या मागून जायचं, पुढून नाही. मी बघितलंय, रहदारीला भ्यालेली माणसं तिथं पहिल्यांदा निवांत होतात. सगळ्या गाड्या तिच्या चालीनं चालायला लागतात आणि कुणाची काही तक्रार नसते.

पाहुण्याला आपली गाडी चालवायला द्यावी का?

देऊ नका. या एका बाबतीत संकोच, आदरातिथ्य सगळं बाजूला ठेवा.

कारणं सांगतो. परदेशी माणसाला इथं चालवायची तर त्याच्या देशाचा परवाना आणि त्याबरोबर आंतरराष्ट्रीय ड्रायव्हिंग परमिट लागतं. भारतात १९४९ च्या जिनिव्हा कराराप्रमाणे काढलेलं परमिट चालतं, आणि त्याची मुदत एक वर्षाची असते. पण खरी अडचण पुढं आहे. त्या परमिटवर कोणतं वाहन चालवायला मुभा आहे याचे वेगवेगळे शिक्के असतात. बहुतेकांकडं फक्त चारचाकीचा शिक्का असतो. जर्मनीत चारचाकीच्या परवान्यावर साधारण ५० सीसीपर्यंतची मोपेड चालते. आपल्याकडची साधी स्कूटर ११० सीसीची असते. म्हणजे तो माणूस तुमच्या स्कूटरवर बसला की कायद्याच्या दृष्टीनं विनापरवाना. उद्या काही झालं तर त्याच्या प्रवासविम्याची कंपनी हात वर करू शकते, तुमच्या गाडीच्या विम्यावरही प्रश्न येतो, आणि परवाना नसलेल्याला गाडी दिली म्हणून गाडीमालक तुम्ही गुन्ह्यात येता.

"दोन दिवसांसाठी ओळखीच्या कुणाची तरी गाडी भाड्यानं घेऊ का?" असं विचारलं तर नंबरप्लेट बघायला सांगा. स्वतः चालवायला भाड्यानं मिळणाऱ्या गाडीची पाटी काळी आणि अक्षरं पिवळी असतात. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्यानं देणं बेकायदा आहे, मग ती कितीही स्वस्त मिळो.

पाहुणा नाराज होतो. होऊ दे. त्याला सायकल द्या आणि सकाळी सहाला रंकाळ्याला घेऊन जा. त्या वेळी रस्ता मोकळा असतो आणि पाण्यावरून गार वारा येत असतो. मला आजवर एकही पाहुणा असा भेटला नाही, ज्याला ते आवडलं नाही.

मागं बसवून नेलं तर चालेल का?

चालेल, पण दोघांच्या डोक्यावर हेल्मेट पाहिजे. मोटार वाहन कायद्यात चालवणाऱ्याबरोबर मागं बसणाऱ्यालाही ते सक्तीचं आहे, चार वर्षांवरच्या प्रत्येकाला. आयएसआय शिक्क्याचं घ्या, रस्त्याकडेला मिळणारी टोपीसारखी प्लास्टिकची नको. घरात एक मोठ्या मापाचं जादा ठेवा.

अर्धं लक्ष पट्ट्याकडं असू द्या. पाहुणे हेल्मेट घालतात, पण हनुवटीखालची क्लिप लावायची राहते. गाडी सुरू करण्याआधी मी "टक" असा आवाज ऐकतो, मगच किक मारतो. ती जर्मन मुलगी पहिल्या दिवशी मागं बसायच्या आधी मला म्हणाली, "तुमचं कुठं आहे?" माझं हेल्मेट तेव्हा माळ्यावर होतं. वर जाऊन काढलं, पुसलं आणि घातलं. भारतात २०२२ साली हेल्मेट नसल्यानं दगावलेल्यांची सरकारी नोंद ५०,०२९ आहे, आणि त्यांतले १४,३३७ जण मागं बसलेले होते. हा आकडा मला नंतर कळला. त्या दिवशी मी नुसतं तिच्या प्रश्नासाठी वर गेलो होतो.

ट्रिपल सीट कधीच नाही. साडी किंवा ओढणी हौसेनं नेसवली असेल तर पदर आणि टोकं आत खोचून बसवा, मागच्या चाकात जातात.

रिक्षा, केएमटी, वडाप यांतलं काय बरं?

शहरात रिक्षा. आधी भाडं ठरवून बसा आणि पाहुण्याला दोन-तीन शब्द शिकवा: "मामा", "सावकाश चला", "इथंच थांबा". परदेशी तोंडातून "मामा, सावकाश" ऐकलं की वेग खरोखर कमी होतो. हे अनेकांनी मला सांगितलंय. हात बाहेर काढायचा नाही, एवढं बजावा. फोटो काढताना काढतातच.

केएमटीची, म्हणजे महापालिकेची, बस चांगली, फक्त थांबल्याशिवाय उतरायचं नाही. वडापमध्ये, म्हणजे माणसं कोंबून नेणाऱ्या खासगी गाडीत, बसवू नका. आपण वर्षानुवर्षं वडापनं गावाला गेलोय, मागच्या फळीवर उभं राहूनही गेलोय, पण पाहुण्याला त्यात कोंबायचं कारण नाही. पन्हाळ्याला जायला एसटी आहे.

हायवेनं किंवा रात्री प्रवास करायचा असेल तर?

रात्रीचा टाळता येत असेल तर टाळा, आणि ऊस तोडणीच्या दिवसांत तर नक्की टाळा. साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत गाळप हंगाम असतो. त्या दिवसांत आपल्या जिल्ह्याच्या रस्त्यांवर रात्रभर ऊस वाहतो. एका ट्रॅक्टरमागं दोन ट्रॉल्या, उसाच्या मोळ्या दोन्ही अंगांनी बाहेर आलेल्या, आणि बऱ्याच ट्रॉल्यांना मागं दिवा नसतो. रेडियम असलं तर ते चिखलानं माखलेलं. बैलगाड्याही असतात. समोरून अप्परवर लाइट असलेली गाडी आली की तिच्या उजेडात पुढची ट्रॉली दिसतच नाही. आपल्याला रस्ता आणि हंगाम माहीत असतो, म्हणून मनाची तयारी असते. परदेशी माणसाला वाटतं, पुढचा रस्ता रिकामा आहे.

तो स्वतः चालवत नसला तरी त्याला हे सांगा. आमच्या एका पाहुण्यानं सांगलीहून येताना ड्रायव्हरला सारखं "वेळ झाला तरी चालेल, हळू" असं सांगितलं, आणि ड्रायव्हरला ते बरं वाटलं. गाडीवाल्यांना आपण वेळेची घाई लावतो. पाहुण्यानंच मोकळीक दिली तर तोही निवांत चालवतो. हायवेवर मागच्या सीटचा पट्टाही लावायचा, तो असतो आणि सीटच्या खाली गेलेला असतो, हात घालून वर काढा.

पुणे-बेंगळुरू महामार्गावर सर्व्हिस रोडनं आणि कधी मुख्य रस्त्यानंही उलट दिशेनं दुचाकी येतात. सातारा-कागल सहापदरीकरणाच्या कामाची वळणं रात्री फसवी असतात. मदत लागली तर राष्ट्रीय महामार्गासाठी १०३३.

पन्हाळा, जोतिबा, गगनबावडा इथले घाट?

दिवसा जा. अरुंद जागी खाली उतरणाऱ्यानं वर चढणाऱ्याला वाट द्यायची, हा नियम पाहुण्याला सांगून ठेवा. म्हणजे आपला ड्रायव्हर मागं का घेतोय हे त्याला कळतं आणि तो घाबरत नाही. पावसाळ्यात गगनबावड्याकडं धुकं उतरतं तेव्हा दहा फुटांवरचं दिसत नाही. चैत्र पौर्णिमेला जोतिबाच्या वाटेवर लाखो माणसं सासनकाठ्या घेऊन चालत असतात, त्या दिवशी गाडीचा विचारच नको.

सणाच्या दिवसांत काय?

नवरात्रात भवानी मंडप, महाद्वार रोड, ताराबाई रोड या भागात गाडी न्यायची नाही. वाहतूक वळवलेली असते, आणि मोबाइलमधला नकाशा मात्र बंद गल्लीतच घालतो. दसरा चौकात किंवा त्याच्याही अलीकडं गाडी ठेवा आणि चाला. गणपती विसर्जनाची मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते, पाहुण्याची गाडी किंवा विमान त्या दिवशी असेल तर आदल्या रात्रीच सोय करा.

फुटबॉलचा हंगाम विसरू नका. शाहू स्टेडियमवर पेठांचा सामना असला की सुटताना झेंडे घेतलेल्या गाड्यांचा लोंढा येतो. पोरं आनंदात असतात, वाईट कुणी नसतं, पण तेवढी पंधरा-वीस मिनिटं कडेला थांबून बघायचं.

पाऊस आणि पूर?

साचलेल्या पाण्यात पाय घालू देऊ नका. खाली खड्डा आहे की उघडी गटार, हे कळत नाही. परीख पुलाखाली पाणी भरलं की लांबच्या वाटेनं जा. जुलै-ऑगस्टमध्ये पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी रोज बघत जा. ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आलं आणि कित्येक दिवस कोल्हापूरची वाट बंद होती, २०२१ च्या जुलैमध्ये पुन्हा तेच. पाहुण्याचं परतीचं विमान मुंबईहून असेल तर पातळी ३९ च्या जवळ गेल्यावर वाट बघत बसू नका, त्याला आधीच पुण्याला पोचवा.

वयस्कर पाहुणे किंवा लहान मुलं असतील तर?

मुलाला कडेवर घ्या किंवा मनगट धरा. बोटं नको, बोटं सुटतात. वयस्कर माणसांना संध्याकाळी सहा ते आठ रस्ता ओलांडायला लावू नका, रिक्षा पलीकडच्या बाजूला बोलवा. त्याच जर्मन मुलीची आई पुढच्या वर्षी आली. पासष्टीच्या पुढच्या, गुडघ्याचा त्रास. मुलीनं आईला मिरजकर तिकटी दाखवली, पण ओलांडली नाही. म्हणाली, "माझ्या वेळी मावशी होत्या."

"हा गोंधळ नाही, यातही एक शिस्त आहे," असं पाहुणे कधीकधी कौतुकानं म्हणतात. काय म्हणावं?

निम्मं खरं आहे, असं म्हणा. न लिहिलेले रिवाज आहेत, माणसं एकमेकांचा अंदाज घेतात, वाट काढून देतात. अनोळखी म्हातारीसाठी चार गाड्या थांबतात, हे मी रोज बघतो. पण देशात २०२२ साली रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली. रोजची सरासरी ४६२. त्याच वर्षी जर्मनीत २,७८८ गेली. लोकसंख्येचं प्रमाण धरूनही आपल्याकडं साडेतीन पट. माझ्या शाळेतल्या वर्गातले दोघं या रस्त्यांवर गेले, दोघंही चाळिशीच्या आत. त्यामुळे कुणी त्याला गंमत म्हटलं की मी शांतपणे आकडा सांगतो. पाहुण्यालाही ते आवडतं, कारण त्याला खरं ऐकायचं असतं.

अपघात झालाच तर?

११२ किंवा रुग्णवाहिकेसाठी १०८. हे दोन आकडे आणि तुमचा नंबर कागदावर लिहून पाहुण्याच्या खिशात ठेवा. मोबाइल पडतो, फुटतो. त्याच कागदावर रक्तगट आणि मराठीत तुमचा पत्ता लिहा, म्हणजे वाचणाऱ्याला अडणार नाही. पासपोर्टची प्रत घरी ठेवून घ्या.

आपल्याकडं क्षणात माणसं जमतात. परदेशी माणसाला तो जमाव धमकावतोय असं वाटतं, कारण सगळे एकदम मोठ्यानं बोलतात. त्याला आधीच सांगा: हे लोक मदतीला आले आहेत. आणि तुम्ही स्वतः कुणाला उचलून दवाखान्यात नेलंत तर घाबरू नका. मदत करणाऱ्याला नाव सांगायची किंवा साक्षीदार व्हायची सक्ती करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०१६ साली त्याला मान्यता दिली आणि २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलमच आलं.

परत गेल्यावर पाहुण्यांना तिकडं काही त्रास होतो का?

होतो, आणि हे मला फार उशिरा कळलं. ती जर्मन मुलगी गेल्यावर आठवड्याभरानं तिचा निरोप आला. स्वतःच्या गावात, घरासमोरच्या रस्त्यावर, ती आधी उजवीकडं बघून उतरली आणि डावीकडून सायकल आली. थोडक्यात वाचली. तीन महिन्यांत तिची मान आपल्यासारखी वळायला लागली होती. तेव्हापासून पाहुण्याला सोडायला गेलो की गाडी सुटायच्या आधी खिडकीपाशी उभा राहून सांगतो, "घरी पोचलात की आधी डावीकडं बघा."